संशयाचा रोख कोठे हवा?

एखादा प्रश्न पक्षाच्या ठरावांत नाही, एवढ्यावरून तो समाजात नाही असे ठरत नाही. महागाई, बेकारी आणि शेतमालाचे भाव यांवर रात्र रात्र चर्चा करणाऱ्या शिबिरांतही दिवे मालवल्यानंतर मुलींच्या खोलीत जे बोलले जाते, ते दुसऱ्या दिवशीच्या सत्रात कधी येत नाही. असाच एक प्रश्न आज शहरांतील शिकलेल्या, मिळवत्या मुलींपुढे उभा आहे. ज्या तरुणाशी परिचय वाढतो आहे, ज्याच्यासह पुढचे आयुष्य काढण्याचा विचार मनात घोळतो आहे, त्याने एके दिवशी प्रांजळपणे सांगितले की त्याला स्त्रियांप्रमाणेच पुरुषांविषयीही आकर्षण वाटते आणि पूर्वी त्याने एका पुरुषावर प्रेमही केले होते, तर तिने काय करावे? पुष्कळ मुली तेथेच थांबतात. काही जणी थांबत नाहीत, पण मनात धाकधूक घेऊनच पुढे जातात. असल्या खाजगी गोष्टींशी राजकीय साप्ताहिकाचा काय संबंध, असा आक्षेप यावर घेतला जाईल. परंतु लग्न, कुटुंब आणि स्त्रीचे त्यांतील स्थान हे विषय खाजगी मानले गेले, म्हणूनच तेथील अन्याय इतका दीर्घकाळ टिकला, हे स्त्रीमुक्तीच्या चळवळीने केव्हाच दाखवून दिले आहे. तेव्हा हा प्रश्न नाक मुरडून बाजूला सारण्याऐवजी त्याची नीट छाननी करणेच श्रेयस्कर ठरेल.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करावयास हवा. इंग्रजीत ज्याला ‘बायसेक्शुअल’ म्हणतात त्याला मराठीत उभयलैंगिक म्हटले जाते. ज्या व्यक्तीला स्त्री आणि पुरुष या दोहोंविषयी प्रेम आणि शारीरिक ओढ वाटू शकते, ती व्यक्ती उभयलैंगिक. ही ओढ दोन्ही बाजूंस सारखीच असते असे नाही. आणि एकाच वेळी दोघांशी संबंध असलाच पाहिजे, असा तर तिचा मुळीच अर्थ होत नाही. समलिंगी पुरुषाला स्त्रीविषयी अशी ओढ वाटत नाही. उभयलैंगिक पुरुषाला ती वाटते आणि खरीखुरी वाटते. अमेरिकन संशोधक आल्फ्रेड किन्से यांनी पुरुषांच्या लैंगिक वर्तनावरील आपला ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध केला, तेव्हाच शून्य ते सहा अशी एक मोजपट्टी मांडून माणसांची दोन बंद कप्प्यांत वाटणी करता येत नाही हे त्यांनी सांगितले होते. म्हणजे वस्तुस्थिती नवी नाही. नवे आहे ते तिच्याविषयी तोंड उघडण्याचे धैर्य.

हे धैर्य आकाशातून पडलेले नाही. ब्रिटिश सरकारने १८६० साली केलेल्या दंडसंहितेतील ३७७ व्या कलमाने पुरुषापुरुषांमधील शरीरसंबंध हा जन्मठेपेपर्यंतच्या शिक्षेस पात्र असा गुन्हा ठरविला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली संमतीने होणाऱ्या प्रौढांच्या संबंधांना त्यातून मुक्त केले. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तो निर्णय फिरवला. आणि अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने अशा संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसून टाकला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच उरलेले नाही. दीडशेहून अधिक वर्षे जे सांगणे म्हणजे स्वतःच्या तोंडाने गुन्हा कबूल करणे होते, ते सांगणे आता निदान कायद्याच्या दृष्टीने निर्धोक झाले. पूर्वी आयुष्यभर झाकली मूठ ठेवून जाणारे पुरुष आता बोलू लागले, आणि पूर्वी ज्या स्त्रियांना काहीच कळत नसे त्यांच्यावर आता काही ठरविण्याची वेळ आली. या प्रश्नाचे मूळ येथे आहे.

पाश्चात्य देशांतील स्त्रिया अशा बाबतींत फार पुढारलेल्या असतात, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. ती खरी नाही. अमेरिकेतील एका प्रसिद्ध स्त्री-मासिकाने २०१६ साली हजाराहून अधिक स्त्रियांची पाहणी केली. पुरुषाशी कधी काळी संबंध आलेल्या पुरुषाशी आपण प्रेमसंबंध ठेवणार नाही, असे त्यांपैकी ६३ टक्के स्त्रियांनी सांगितले. आणि आपल्याला कधी तरी दुसऱ्या स्त्रीविषयी आकर्षण वाटले होते, असे त्याच पाहणीत जवळजवळ निम्म्या जणींनी मान्य केले. स्वतःबद्दल एक माप आणि पुरुषाबद्दल दुसरे, असा हा प्रकार आहे. त्यापूर्वी, २००२ साली, ग्रेगरी हेरेक या मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले होते की अमेरिकन जनतेच्या मनात ज्या समूहांविषयी अप्रीती होती त्यांत उभयलैंगिकांचा क्रम सुया टोचून अमली पदार्थ घेणाऱ्यांच्या अगदी लगतचा होता. धर्म, वंश वा राजकीय मते यांवरून ओळखल्या जाणाऱ्या कोणत्याही समूहाविषयी तितकी नावड आढळली नव्हती. पुढील काळातील पाहण्यांत ही कटुता ओसरलेली दिसते. पण उभयलैंगिक स्त्रीपेक्षा उभयलैंगिक पुरुषाकडे अधिक वाकड्या नजरेने पाहिले जाते, हे मात्र त्यांतही कायम आहे. याचा परिणामही उघड आहे. प्यू या संशोधनसंस्थेच्या २०१३ च्या पाहणीत आपल्या जवळच्या बहुतेक माणसांना आपली ओळख सांगितली आहे असे म्हणणारे समलिंगी पुरुष ७७ टक्के होते. उभयलैंगिक पुरुष होते अवघे १२ टक्के. ज्याला सांगितल्यास नाकारले जाण्याची खात्री आहे तो सांगत नाही. आणि तो सांगत नाही म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवता येत नाही, असे हे दुष्टचक्र आहे.

या नाकारण्यामागे जी कारणे दिली जातात ती एकेक करून तपासली पाहिजेत. पहिले कारण असे की, असा पुरुष वस्तुतः समलिंगीच असतो, फक्त तसे म्हणण्याचे त्याला धैर्य होत नाही. या समजुतीला काही काळ शास्त्राचाही आधार मिळाला होता. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उभयलैंगिक म्हणविणाऱ्या पुरुषांच्या शारीरिक प्रतिसादांत दोन्हीकडील ओढ आढळली नाही, आणि वृत्तपत्रांनी असे पुरुष खोटे बोलतात की काय असा सूर लावला. परंतु शास्त्र एका प्रयोगावर थांबत नसते. पुढे अधिक काळजीने प्रयोग झाले. आणि पाचशेहून अधिक पुरुषांच्या प्रतिसादांची एकत्रित छाननी करून २०२० साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला त्याने पुरुषांतील उभयलैंगिकता ही वास्तव असल्याचे मान्य केले. विशेष म्हणजे, २००५ च्या प्रयोगामागील संशोधकांपैकी दोघे या नव्या निष्कर्षाच्या लेखकांत होते. पुरावा बदलल्यावर मत बदलण्याचा हा प्रामाणिकपणा शास्त्रज्ञांना दाखविता येत असेल, तर तो समाजालाही दाखविता आला पाहिजे.

दुसरे कारण एकनिष्ठेचे. ज्याला दोन्हीकडे ओढ आहे तो एकीवर कसा समाधानी राहील, अशी शंका घेतली जाते. ही शंका वरवर सयुक्तिक वाटते, पण ती तर्काला टिकत नाही. केवळ स्त्रियांकडे आकर्षिला जाणारा पुरुष जगातील निम्म्या माणसांकडे आकर्षिला जाऊ शकतो. म्हणून तो प्रत्येकीच्या मागे जाईल असे कोणी गृहीत धरीत नाही. मोह होणे आणि मोहाला वश होणे यांत अंतर असते, आणि ते अंतर राखण्याची जबाबदारी ज्याच्या त्याच्या चारित्र्यावर असते. बाहेरख्यालीपणा ही काही उभयलैंगिकांची मिरासदारी नव्हे. ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून पुरुषांच्या दुटप्पी नीतीचे वाभाडे काढले, ते ज्यांच्यासाठी काढले ते चारचौघांत प्रतिष्ठेने मिरविणारे विवाहित पुरुषच होते. एकनिष्ठेची चौकशी करावयाची तर ती प्रत्येक पुरुषाची व्हावी. एकाला निर्दोष मानून दुसऱ्याला आधीच आरोपी करणे हा न्याय नव्हे.

तिसरे कारण रोगाचे. या भीतीलाही इतिहास आहे. १९८० च्या दशकात एड्सची साथ पसरली तेव्हा उभयलैंगिक पुरुष हा रोग स्त्रियांपर्यंत आणणारा पूल आहे, असे चित्र अमेरिकन वृत्तपत्रांनी १९८७ च्या सुमारास रंगविले, आणि ते अजून पुसले गेलेले नाही. पुरुषांशी संबंध असणाऱ्या पुरुषांमध्ये या विषाणूच्या लागणीचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा अधिक आढळते, हे खरे आहे आणि ते लपविण्याचे कारण नाही. परंतु महाराष्ट्राचा स्वतःचा अनुभव येथे आठवला पाहिजे. पुण्यातील गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या स्त्रियांची तपासणी करून राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या व इतर संशोधकांनी १९९७ साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्याचा विषयच मुळी पतीखेरीज अन्य कोणाशी संबंध नसलेल्या विवाहित स्त्रियांना होणारी लागण हा होता. लग्न हेच संरक्षण मानणाऱ्या त्या स्त्रियांना लग्नानेच रोग दिला होता. त्यांच्या पतींचे अन्य संबंध कोणाशी होते हा प्रश्न गौण आहे. ते संबंध निष्काळजी होते आणि पत्नीला त्यांचा थांगपत्ता नव्हता, हे मुख्य आहे. रोगाची तपासणी रक्तावरून होते, कुणाच्या कलावरून नव्हे. स्वतःहून आपला पूर्वेतिहास सांगणारा, तपासणी करून घेणारा आणि निरोध वापरणारा पुरुष हा गप्प बसणाऱ्या ‘सज्जना’हून स्त्रीच्या दृष्टीने अधिक निर्धोक असतो.

चौथे कारण बहुधा बोलून दाखविले जात नाही, पण तेच सर्वांत खोल रुजलेले आहे. जो पुरुष दुसऱ्या पुरुषाच्या मिठीत गेला तो ‘पुरा पुरुष’ राहिला नाही, ही ती भावना. या भावनेचे पृथक्करण केले तर हाती काय लागते? पुरुषाने घ्यावे, जिंकावे, वर राहावे. आणि स्त्रीने द्यावे, हरावे, खाली राहावे, असे जे मर्दानगीचे शास्त्र पिढ्यान् पिढ्या शिकविले गेले, त्यानुसार जो पुरुष ‘स्त्रीच्या जागी’ गेला तो हीन ठरतो. तो हीन का? कारण स्त्रीची जागाच हीन मानलेली आहे. म्हणजे अशा पुरुषाविषयी वाटणारी किळस ही अंती स्त्रीविषयीच्या तुच्छतेतून उगवलेली असते. जी स्त्री या कारणासाठी एखाद्या तरुणाला नाके मुरडते ती नकळत आपल्याच गळ्यातील साखळीची एक कडी घट्ट करीत असते. मारहाण करणारा, पगार दारूत उडविणारा, बायकोला माहेरी जाऊ न देणारा नवरा पुरा पुरुष. आणि खरे बोलणारा, हळव्या मनाचा सोबती मात्र अपुरा, असे मोजमाप जोपर्यंत स्त्रिया स्वीकारतील तोपर्यंत त्यांची स्वतःची सुटका होणे कठीण आहे.

येथवर आलेली चर्चा एकाच बाजूने वाचली तर असा ग्रह होईल की दोष सगळा स्त्रियांच्या पूर्वग्रहांचा आहे. तसे म्हणणे हा मोठा अन्याय होईल. स्त्रीच्या मनातील धास्ती निराधार नाही. तिला भरभक्कम आधार आहे आणि तो या समाजाच्या विवाहसंस्थेने पुरविलेला आहे. मुलाचा कल आईबापांच्या लक्षात येतो, किंवा तो स्वतःच रडतभेकत सांगतो. आणि ‘लग्न केले की सारे सुरळीत होईल’ या एका वाक्यावर त्याला बोहल्यावर उभे केले जाते. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलीचा रंग, उंची, शिक्षण, स्वयंपाक, पत्रिका यांची कसून तपासणी होते. मुलाचे मन कोठे आहे हे विचारण्याची सोय मात्र कोणीही ठेवलेली नसते. मग वर्षानुवर्षे एक स्त्री आपल्यातच काही उणे आहे असे मानून झुरत राहते. मूल होत नाही म्हणून बोल लावला जातो तो तिलाच. असा विवाह बहुधा समलिंगी पुरुषाचा असतो, उभयलैंगिकाचा नव्हे. पण भाजलेल्या स्त्रीने आणि तिची कहाणी ऐकलेल्या तिच्या मैत्रिणींनी हा बारीक भेद करावा, अशी अपेक्षा धरणे सोपे नाही. परिणाम असा होतो की लपवून लग्न करणाऱ्याच्या अपराधाची शिक्षा सांगून लग्न करू पाहणाऱ्याला भोगावी लागते.

या धास्तीला आणखी एक पदर आहे आणि तो कायद्याशी निगडित आहे. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला आणि तो विषय संसदेकडे सोपविला. उभयलैंगिक पुरुषाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, त्याला लग्न करावयाचे असेल तर ते केवळ स्त्रीशीच करता येते. पुरुषाबरोबर संसार थाटला तर ना वारसा, ना कौटुंबिक निवृत्तिवेतन, ना इतर वैवाहिक हक्क. स्त्रीबरोबर थाटला तर हे सारे, आणि वर नातलगांचे आशीर्वाद. अशा स्थितीत एखाद्या तरुणीच्या मनात आले की याने मला निवडले की माझ्याबरोबर येणारी सोय निवडली, तर तिला कोण दोष देईल? जेथे दोन दरवाजांपैकी एकाला कुलूप आहे तेथे दुसऱ्यातून आत येणाऱ्याने तो आवडीने निवडला हे त्याला सिद्ध तरी कसे करता यावे? दोन्ही दरवाजे उघडे असताना तो आपल्या दारी आला, हा विश्वास स्त्रीला मिळावयाचा असेल, तर समलिंगी सहजीवनाला कायद्याची मान्यता मिळणे हे तिच्याही हिताचे आहे. ही मागणी केवळ मूठभर समलिंगी व्यक्तींची आहे असे समजणाऱ्यांनी या बाजूचा विचार केलेला नाही.

फसल्या गेलेल्या स्त्रीला आज कोणता उपाय आहे? १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या १२ व्या कलमानुसार, दुसऱ्या पक्षाविषयीची एखादी महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून संमती मिळविली असेल तर विवाह रद्द करून घेता येतो. पण फसवणूक उघडकीस आल्यापासून एका वर्षाच्या आत तिला न्यायालयात जावे लागते, आणि फसवणूक कळल्यानंतर ती पतीबरोबर राजीखुशीने राहिली असेल तर तो मार्ग बंद होतो. जिला न्यायालयाचा रस्ता ठाऊक नाही, जिच्या हाती स्वतःचे पैसे नाहीत आणि जिला माहेरचे दार बंद आहे, तिच्या बाबतीत ते वर्ष अश्रू ढाळण्यातच सरते. याच कायद्याचे १३ वे कलम, पतीने विवाहानंतर अनैसर्गिक संभोगाचा अपराध केला असेल तर पत्नीला घटस्फोट देते. मात्र ते त्याला बलात्काराच्या पंक्तीस बसवते, जणू संमती असणे आणि नसणे यांत फरकच नाही. १९७६ च्या दुरुस्तीने आलेला परस्परसंमतीचा घटस्फोट हा त्यातल्या त्यात सभ्य मार्ग. पण त्यासाठी पतीला बोलावे लागते, आणि बोलण्याचीच तर त्याला भीती असते.

कलावंतांना या दुखण्याची जाणीव राजकारण्यांच्या आधी झाली. सचिन कुंडलकर यांच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कोबाल्ट ब्लू’ या कादंबरीत पुण्यातील एका मध्यमवर्गीय घरात भाड्याने राहावयास आलेल्या तरुणावर त्या घरातील भाऊ आणि बहीण दोघेही जीव लावतात. बहीण त्याच्याबरोबर घर सोडून जाते, आणि तो एके दिवशी तिलाही सोडून निघून जातो. त्या दोन भावंडांच्या वाट्याला जी वाताहत येते ती त्या तरुणाला दोघेही आवडले म्हणून येत नाही. एकाच छपराखाली राहून कोणालाच कोणाशी बोलता येत नाही आणि जाणारा न बोलता जातो, म्हणून येते. जिओ बेबी यांच्या ‘कादल’ या २०२३ च्या मलयाळम चित्रपटात तर नायक हा ग्रामपंचायतीच्या पोटनिवडणुकीतील डाव्या आघाडीचा उमेदवार आहे. ऐन प्रचारात त्याची पत्नी घटस्फोटाचा अर्ज दाखल करते आणि कारण सांगते ते त्याच्या समलिंगी असण्याचे. त्या अर्जात सूड नाही. वीस वर्षे दोघेही ज्या कोंडवाड्यात राहिले त्याचे दार ती दोघांसाठीही उघडते. पुरोगामी पक्षाच्या घरातही असा कोंडवाडा असू शकतो, ही त्या कथेतील गोष्ट कार्यकर्त्यांनी विशेष ध्यानात घ्यावी.

मग स्त्रीने काय करावे? याचे पहिले उत्तर असे की, तिने काय करावे हे तिलाच ठरवू द्यावे. कोणाशी सहजीवन करावे आणि कोणाशी करू नये, हा तिचा अधिकार निरपवाद आहे. नकारासाठी तिने कारण देण्याचे बंधन नाही, आणि दिलेले कारण कोणाला पटले पाहिजे असेही नाही. एखादीने उभयलैंगिक पुरुषाला नकार दिला म्हणून तिला प्रतिगामी ठरविणे, किंवा पुरोगामीपणाची परीक्षा म्हणून तिच्यावर होकार लादणे, ही जुन्याच जबरदस्तीची नवी तऱ्हा होईल. शतकानुशतके स्त्रीला ‘हो’ म्हणावयास लावले गेले. तिचा ‘नाही’ मोठ्या कष्टाने मिळविलेला आहे. चळवळीचे काम तिचा निर्णय बदलण्याचे नाही. तो निर्णय ती अज्ञानापोटी, धाकापोटी किंवा लाचारीपोटी घेणार नाही अशी परिस्थिती निर्माण करण्याचे आहे. नकार देण्याचा अधिकार मान्य करणे आणि नकारामागील गैरसमजांची चिकित्सा करणे, या दोन गोष्टी एकमेकींना मारक नाहीत.

डॉ. राममनोहर लोहिया यांनी सप्तक्रांतीची कल्पना मांडली तेव्हा स्त्रीपुरुषसमतेला तीत अग्रस्थान दिले, आणि व्यक्तीच्या खाजगी जीवनावरील अन्याय्य आक्रमणाविरुद्धचा लढा हीही त्या सातांतील एक क्रांती मानली. स्त्रीपुरुषसंबंधांच्या नीतीचा विचार करताना त्यांनी वचनभंग आणि बलात्कार या दोनच गोष्टी अक्षम्य ठरविल्या. प्रस्तुत प्रश्नाला हीच कसोटी लावली तर धुके पुष्कळसे विरते. ज्या पुरुषाने फसविले नाही आणि जबरदस्ती केली नाही तो कोणाकडे आकर्षिला जातो, हा त्याचा अपराध होऊ शकत नाही. ज्याने फसविले किंवा जबरदस्ती केली तो केवळ स्त्रियांकडेच आकर्षिला जाणारा असला, तरी त्यामुळे त्याचा अपराध तसूभरही कमी होत नाही. स्त्रीने संशय जरूर घ्यावा. परंतु त्या संशयाचा रोख कलावर नसावा, लपवाछपवीवर असावा.

या कसोटीतून पुरुषावरही एक जबाबदारी येते. संबंध मनाच्या पातळीवरून पुढे जाण्यापूर्वी, आणि लग्नाची गोष्ट निघण्यापूर्वी तर निश्चितच, ज्या गोष्टीवर दुसऱ्याचे आयुष्य अवलंबून आहे ती त्याने सांगितली पाहिजे. भीती हे त्याच्या मौनाचे स्पष्टीकरण होऊ शकते, समर्थन नव्हे. कारण त्या मौनाची किंमत तो नव्हे तर ती चुकविणार असते. मात्र ऐकणाऱ्या स्त्रीवरही तितकेच मोठे उत्तरदायित्व येते. विश्वासाने सांगितलेली गोष्ट तिच्यापाशीच राहिली पाहिजे. ‘नको’ म्हणून निघून जाण्याचा तिला हक्क आहे. जाताना त्याचे गुपित कचेरीत, वस्तीत, त्याच्या आईबापांच्या कानांवर घालण्याचा हक्क नाही. अशा एका वाक्याने माणसाची नोकरी जाते, घर सुटते, प्रसंगी जीवही जातो. खरे बोलणाऱ्याला शिक्षा झाली की पुढचे दहा जण खोटे बोलावयास शिकतात, आणि त्या खोट्याच्या बळी स्त्रियाच असतात.

या विषयावर बोलण्याची परंपरा महाराष्ट्रात नाही, असे कोणी म्हणू नये. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले आणि वाचकांच्या ज्या प्रश्नांना घरी, शाळेत, दवाखान्यात उत्तर मिळत नसे त्यांना जाहीर उत्तरे दिली. त्यांत समलिंगी संबंधांविषयीचेही प्रश्न होते. त्याबद्दल १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि त्यांच्या बाजूने उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पण विकृती म्हणून ज्याची हेटाळणी होते तिच्यावर अज्ञान हा उपाय नसून ज्ञान हाच उपाय आहे, ही भूमिका हरली नाही. आज नव्वद वर्षांनंतर दंडाची भीती नाही; तरीही चळवळीच्या व्यासपीठावरून या विषयाचा उच्चार होत नसेल, तर ते मागे जाणेच होय.

कार्यकर्त्यांना करता येण्याजोगे काम पुष्कळ आहे आणि त्याची सुरुवात स्वतःच्या घरापासून होते. आपल्या मुलाने लग्नास नकार दिला तर तो का देतो हे शांतपणे ऐकावे. सून आणणे हे औषध समजू नये, कारण त्या औषधाची मात्रा दुसऱ्याच्या मुलीला घ्यावी लागते. युवकांच्या शिबिरांत संमती, लैंगिक आरोग्य आणि जोडीदाराची निवड या विषयांवर जाणत्या डॉक्टरांची आणि समुपदेशकांची सत्रे ठेवावीत, आणि त्यांत मुलींइतकेच मुलांनाही बसवावे. पुण्यात समपथिक ट्रस्ट, मुंबईत हमसफर ट्रस्ट अशा संस्थांनी या क्षेत्रात वर्षानुवर्षे काम केले आहे. त्यांच्या अनुभवाचा उपयोग करून घ्यावा. स्त्रियांच्या सल्लाकेंद्रांतून विवाह रद्द करण्याची मुदत, निर्वाह खर्च, रक्ततपासणी यांची माहिती सोप्या मराठीत द्यावी. आणि या सर्वांच्या बरोबरीने, किंबहुना या सर्वांच्या आधी, स्त्रीच्या हाताला काम, कामाला दाम आणि तिच्या नावावर डोक्यावरचे छप्पर, ही जुनी मागणी नेटाने लावून धरावी. जी स्त्री उद्या सकाळी स्वतःच्या पायांवर उभी राहून घराबाहेर पडू शकते, तिला जोडीदाराच्या सत्यकथनाची भीती वाटत नाही. भीती वाटते ती जिला परतीची वाट नाही तिला.

उभयलैंगिक पुरुषाविषयी स्त्रियांच्या मनात जो अविश्वास आहे तो उपदेशाने जाणार नाही. निम्मा पूर्वग्रहाचा आणि निम्मा अनुभवाचा असा तो आहे. पूर्वग्रहाचा भाग ज्ञानाने जाईल. अनुभवाचा भाग मात्र अनुभव बदलल्यावाचून जाणार नाही. मुलाला सक्तीने बोहल्यावर चढविणारे घर, एकच दरवाजा उघडा ठेवणारा कायदा आणि स्त्रीला परतीची वाट न ठेवणारी अर्थव्यवस्था, ही तिन्ही जोवर जशीच्या तशी आहेत तोवर ती संशय घेत राहील आणि तो लपवीत राहील. दोघेही एकाच व्यवस्थेचे बंदी आहेत; फरक एवढाच की त्यांच्या कोठड्यांमध्ये एक भिंत आहे आणि प्रत्येकाला पलीकडचा माणूस आपला पहारेकरी वाटतो. ती भिंत पाडण्याचे काम ज्यांनी अंगावर घ्यावे, त्यांनी निदान तिच्याविषयी बोलावयास तरी आता संकोच करू नये.